फियाट ठेवू की एर्टिगा घेऊ? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, घरातली माणसं वाढली आहेत आणि आता सात सीटची गाडी घ्यायची चर्चा चालू आहे. अशा घरांतून मला सतत प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे दोन्ही गाड्या आहेत आणि दोन्ही मी स्वतः चालवतो. माझं मत आधीच सांगतो: या दोघींचं काम वेगळं आहे, आणि जुनी फियाट चालवून जेवढी झिजते त्याच्या कितीतरी पट उभी राहून खराब होते. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघाली आहेत.

१. तुलना नेमकी कोणत्या गाड्यांची आहे?

एकीकडे प्रीमियर पद्मिनी, जिला आपल्याकडे आजही सगळे फियाटच म्हणतात. दुसरीकडे मारुती एर्टिगा, कारण घरासाठी सात सीटर म्हटलं की आधी तिचंच नाव निघतं. तुमच्याकडे अँबेसिडर असेल तर फियाटबद्दलचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल. ट्रायबर, कॅरेन्स किंवा इनोव्हा घेणार असाल तर आकडे बदलतील, विचार करायची पद्धत हीच राहील.

२. फियाट आणि पद्मिनी एकच ना? आणि तिचं सोलापूरशी नातं आहे म्हणतात, ते खरं का?

दोन्ही खरं आहे. इटलीची फियाट ११०० ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत होती. १९६४ पासूनचं 'डिलाइट' मॉडेल पुढे सत्तरीच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी फियाट राहिली ती राहिलीच. या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं.

ही प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली शेठ वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. आपल्याकडच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे. १९५३ मध्ये ते गेले, त्यामुळे पद्मिनी या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही. तरी विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींचे कारखाने या देशात उभे करायला निघालेल्या सोलापूरच्या माणसाची कंपनी ती. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि प्रत्येक सोलापूरकराला वाटावा असं मनापासून वाटतं.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून हटल्या. ती मर्यादा टॅक्सीची होती, तुमच्या घरच्या गाडीची नव्हे. घरच्या गाडीचं काय, ते प्रश्न १० मध्ये.

३. यंत्र म्हणून दोघींत फरक किती?

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. पेट्रोल कार्ब्युरेटरमधून जातं, चार गिअर आणि ते बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर, ओढ मागच्या चाकांना, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही. एर्टिगाचं इंजिन १४६२ सीसीचं, ताकद शंभराच्या वर, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर, ओढ पुढच्या चाकांना, पुढे डिस्क ब्रेक आणि जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस.

आकाराचा फरक जुन्या पेठेत राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. पद्मिनी ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरपेक्षाही थोडी अरुंद. एर्टिगा ४.४ मीटरच्या आसपास आणि पावणेदोन मीटर रुंद, त्यात आरसे वेगळे. वाड्याच्या ज्या दरवाजातून फियाट आत जाते तिथे एर्टिगा जाईलच असं नाही. बुकिंगच्या आधी टेप घेऊन मोजा.

४. एकच गाडी परवडते. कोणती ठेवू?

एर्टिगा. घरात लहान मूल, म्हातारं माणूस आणि महिन्यातून एखादा लांबचा प्रवास असेल तर यात दुसरा विचारच नको. फियाटवर कितीही जीव असला तरी मी हेच सांगेन. मात्र लगेच भंगारात घालू नका, आधी प्रश्न १९ वाचा.

५. एर्टिगात सात माणसं खरंच बसतात का? तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर असं करायचं असतं.

बसतात, पण कोण कुठे बसणार हे निघण्याआधी ठरवा. मधल्या रांगेतला सीट पुढे सरकवून दुमडला की मागे जायला वाट होते. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथून वाकून आत शिरणं जमत नाही, म्हणून त्यांची जागा पुढे किंवा मधल्या रांगेत दाराशी. तिसऱ्या रांगेत मुलं किंवा सडपातळ मोठी माणसं. मधला सीट पुढेमागे सरकतो, तेव्हा मधल्यांनी चार बोटं जागा सोडली तर मागच्यांचे पाय सुटतात. तुळजापूर किंवा अक्कलकोटला जाऊन यायला मागची जागा ठीक आहे. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर मागे बसून गेलेला माणूस मात्र येताना पुढची सीट मागतो.

खरी अडचण सामानाची. तिन्ही रांगा उघडल्या की मागे २०९ लिटरच जागा उरते, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि एखादी पिशवी. सात माणसं आणि मुक्कामाचं सामान दोन्ही न्यायचं तर वर कॅरिअर लागणारच. तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग दुमडून सहा जण गेले तर सगळं नीट बसतं.

मागच्यांना एसीची हवा पोचते का, हेही विचारतात. मधल्या रांगेसाठी वेगळे झोत आहेत, आणि २०२५ मधल्या बदलांनंतर तिसऱ्या रांगेलाही वेगळी सोय आली आहे. जुनी एर्टिगा घेत असाल तर भर दुपारी मागे बसून पाहा.

६. लहानपणी आम्ही फियाटमध्ये आठ-नऊ जण बसून जायचो. मग आता काय अडचण आहे?

आरसीवर लिहिलेली बैठक संख्या बघा, तेवढीच माणसं. अपघात झाला आणि गाडीत जास्त माणसं निघाली तर विम्याचा दावा अडकतो. शिवाय तेव्हा हैदराबाद रोडवर किंवा पुणे रोडवर शंभरच्या वेगाने मागून येणारे ट्रेलर नव्हते. मागचे पाटे आणि ड्रम ब्रेक एवढ्या वजनासाठी तेव्हाही नव्हते, आता तर त्यांचं वय झालं आहे.

७. एप्रिल-मे मध्ये फियाट सिग्नलला बंद पडते आणि नंतर लागतच नाही. काय करू?

सोलापूरच्या उन्हात सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यात दोन वेगळे आजार आहेत. लोक त्यांची गल्लत करतात आणि भलताच पार्ट बदलून बसतात.

पहिला आजार पेट्रोलची वाफ होण्याचा. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. पारा ४२-४३ ला गेला, गाडी सात रस्त्याला थांबली आणि पंख्याची हवा कमी पडली की पंपात आणि पुढच्या नळीत पेट्रोल उकळतं. पंप वाफ ढकलत राहतो, कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. तापमापकाचा काटा तेव्हा ठीक असू शकतो. यावर जुना उपाय आजही चालतो: गाडी बाजूला घ्या, बोनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं थांबा. पाणी पंपावरच पडू द्या, प्लगना करंट पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर नको. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब नेणं, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवणं आणि पंपाखालची जाड पॅकिंग जागेवर आहे ना ते बघणं. मागच्या मेस्त्रीने ती पॅकिंग काढून पातळ कागद लावलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे.

दुसरा आजार खऱ्या बॉइलिंगचा, आणि त्यामागे बहुतेक वेळा आपलं बोअरचं पाणी असतं. ते जड आहे. घरच्या गिझरमध्ये जसा पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी घातलं असेल तर वरून पाणी भरलेलं दिसतं आणि आत अर्ध्या नळ्या बंद असतात. रेडिएटर उतरवून दोन्ही टाक्या उघडा, आत सळी मारून साफ करून घ्या, आणि पुढे फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून ताण बघा. गरम गाडीचं झाकण उघडू नका. चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

ओळखायचं कसं? काटा वर गेला, वास आला, वाफ दिसली तर रेडिएटर. काटा जागेवर आणि गाडी आधी आचके देत बंद झाली तर पेट्रोल. एर्टिगात पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोल दाबाखाली असतं, म्हणून तिला हा पहिला त्रास होत नाही.

८. किलोमीटरमागे खर्च कोणाचा जास्त?

पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. नीट ट्यून केलेली फियाट गावात लिटरला अकराच्या आसपास देते, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ रुपये. पेट्रोल एर्टिगा गावात आणि हायवेला मिळून सोळा दिली तर साडेसहा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तीन हजारांचा फरक.

हे गणित इथेच थांबवणं बरोबर नाही. एर्टिगाचा खरा खर्च तिचा हप्ता आणि दरवर्षी उतरणारी किंमत हा आहे. फियाटची किंमत जेवढी उतरायची तेवढी केव्हाच उतरली. महिन्याला शंभर-दोनशे किलोमीटरच फिरणाऱ्या जोडप्याला फियाट पैशाच्या हिशोबाने स्वस्त पडू शकते. मात्र पत्र्याचं काम निघालं की हा हिशोब कोसळतो, आणि ते निघतं का हे कसं ओळखायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

९. एर्टिगा पेट्रोल घेऊ की सीएनजी?

रोजचं फिरणं जास्त असेल तर सीएनजी. कंपनीचा प्रमाणित आकडा किलोला २६.११ किलोमीटर आहे, पेट्रोल मॅन्युअलचा लिटरला २०.५१. प्रत्यक्षात दोन्ही कमी मिळतात, पण फरक राहतो. महाराष्ट्रात आजीवन करही सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी आहे. उलट बाजूला, साठ लिटरची टाकी डिकीतच बसते, म्हणजे प्रश्न ५ मधली २०९ लिटरची जागाही गेली. सात जणांचा प्रवास हेच कारण असेल तर पेट्रोल घ्या. सीएनजी घेतली तर टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते.

१०. गाडीला पंधरा वर्षं कधीच झाली. सरकार जप्त करणार का?

नाही. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासणीत पास झाली की दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यासाठी फॉर्म २५, चालू विमा, पीयूसी आणि गाडी विजापूर रोडच्या आरटीओत प्रत्यक्ष नेऊन दाखवणं. मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. उशीर झाला तर महिन्यामागे दंड वाढत जातो.

फी मात्र वाढली आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला दहा हजार रुपये पडतात. आज शिल्लक असलेली प्रत्येक पद्मिनी वीस वर्षांच्या पुढचीच आहे, त्यामुळे हा आकडा धरूनच चाला. वर पर्यावरण कर वेगळा.

तपासणीत फियाट सहसा कुठे अडते? हँडब्रेक, हेडलाइटचा झोत, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, धूर. ही सगळी आठवड्याभरात होणारी कामं आहेत. आधी करून मगच गाडी न्या.

११. व्हिंटेज नंबर घेतला तर ही कटकट संपेल का?

काही बाबतीत संपेल, पण त्यातली अट लोक वाचत नाहीत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदता येते. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, पुढचं नूतनीकरण पाच हजारांत. फियाट ११०० केव्हाच या वयात आल्या. पद्मिनी नावाच्या सुरुवातीच्या गाड्या आता कुठे येत आहेत.

अट अशी की ही गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. रविवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं असेल तर तो नेहमीचा वापर झाला. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी चालवायची असेल तर साधं नूतनीकरण करा. व्हीए नंबर हा संग्रह करणाऱ्यांसाठी आहे.

१२. नव्या पेट्रोलमुळे जुनी गाडी खराब होते म्हणतात. खरं किती?

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून बनतं आणि आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथे हा विषय निघाला की लोक दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलतात. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या या पेट्रोलला धरूनच बनतात. पद्मिनीच्या काळात ते नव्हतं.

इंजिन एका दिवसात बिघडत नाही. त्रास होतो तो रबराला: पेट्रोलच्या नळ्या, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरच्या पॅकिंग. त्या फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. गरम इंजिनवर गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. हे सगळं रबर आजच्या पेट्रोलला चालणाऱ्या मालाचं टाकून घ्या. खर्च फार नाही. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी बसून पत्रा गंजतो. यावर औषध एकच, गाडी चालवत राहणं. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, थोडा मोठा करावा लागेल का, हे प्लगचा रंग बघून मेस्त्री सांगेल: पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

१३. सुरक्षिततेत नवी गाडी कितीतरी पुढे असणार ना?

पुढे आहेच, पण डोळे झाकून विसंबू नका. पद्मिनीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, जुन्या मॉडेलांत पट्टेही नाहीत. 'जुना पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत' हे मी मानत नाही. जाड पत्रा धक्का स्वतः पचवत नाही, आतल्या माणसाला देतो.

एर्टिगाचंही कौतुक मोजूनच करतो. गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये तिला तीन तारे मिळाले होते. २०२४ मध्ये, तोवर कडक झालेल्या निकषांवर, दोन एअरबॅगच्या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आल्या. म्हणून वापरलेली घेताना किती सालची आणि किती एअरबॅगची हे आधी विचारा, आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलांनाही पट्टा लावा.

तान्ह्या बाळाला फियाटमध्ये घेऊन हायवेवर जाऊ नका. बाळाची सीट बांधायला तिच्यात नीट जागाच नाही.

१४. मग फियाट हायवेला काढायचीच नाही का? तुळजापूरचा घाट तरी?

काढा, पण तिच्या चालीने. साठ-पासष्टचा वेग, डावी बाजू, सकाळी लवकर. घाट चढताना काटा वर सरकू लागला तर गिअर उतरवा, इंजिनला रेटू नका. खरी परीक्षा उतरताना असते. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवून घ्या.

१५. विमा, फास्टॅग आणि नंबरप्लेट यांचं काय?

गंमत म्हणजे थर्ड पार्टी विम्यात दोघी एकाच गटात येतात, १००० ते १५०० सीसी. २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ३,४१६ रुपये अधिक कर. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला यात निम्मी सूट आहे. फियाटचा स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा असेल तर गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरते. तेव्हा फोटो आणि दुरुस्तीची बिलं जवळ ठेवा.

फास्टॅग जुन्या गाडीलाही लागतोच, आणि सावळेश्वरच्या टोलनाक्यावर दोघींना दर एकच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही लावायची आहे, त्यातून फियाट सुटलेली नाही.

१६. चांगली फियाट विकत घ्यायची आहे. काय बघू?

इंजिन शेवटी बघा. इंजिनचं बोअरिंग (झिजलेले सिलिंडर घासून नीट करणं) होतं, हाफ इंजिन उतरवून काम होतं, पार्टही मिळतात. सडलेला पत्रा मात्र घरदार खातो.

चकाकणाऱ्या रंगाकडे बघू नका. आतले मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने जोरात दाबा. कुरकुर आवाज आला किंवा पत्रा आत गेला तर वरून फक्त रंग आहे. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, तिथे फुगवटे लागतात. बॅटरीच्या खालचा कप्पा, डिकीतली स्टेपनीची जागा, मागचे पाटे जिथे बॉडीला धरतात ती जागा, इथे पाणी साचतं. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून दारावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. आपली हवा कोरडी, त्यामुळे सोलापुरातच वाढलेली गाडी कोकण-मुंबईहून आलेल्या गाडीपेक्षा पत्र्याला बरी निघते. मुंबईहून स्वस्त मिळाली म्हणून आणू नका.

मग थंड इंजिन सुरू करून बघा. विक्रेत्याने तुम्ही येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. चोक ओढून, पाव सेल्फमध्ये लागायला हवी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गिअरचा दांडा चारही जागी अडखळल्याशिवाय बसतो का बघा.

कागदात चेसिस नंबर आणि प्रत्यक्ष गाडीवरचा नंबर स्वतः जुळवा. नंबर गंजून वाचता येत नसेल तर आरटीओच्या परवानगीने पुन्हा उमटवून घेता येतो, पण ते काम विक्रेत्याने करून द्यायचं, व्यवहारानंतर तुम्ही नव्हे.

१७. मेस्त्री आणि पार्ट मिळतात का?

पार्ट मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेट, ब्रेकची रबरं यांची अडचण येत नाही. काचा, चांगलं बंपर, पट्ट्या आणि मूळ दिवे मिळणं कठीण. दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. मेस्त्री ही खरी चिंता आहे. कानाने टायमिंग लावणारी पिढी म्हातारी झाली आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं नाहीत. तुमचा मेस्त्री काम करत असताना शेजारी उभे राहा, काय करतो ते विचारा, फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. पॉइंटची गॅप, प्लग, ग्रीसिंग एवढं तरी घरच्या कोणीतरी शिकून घ्यावं.

१८. एसी, डिस्क ब्रेक किंवा इलेक्ट्रिक किट बसवलं तर? आणि लग्नाला भाड्याने दिली तर?

एसी बसतो, पण ४० हॉर्सपॉवरमधली ताकद तो खातो आणि रेडिएटरवर भार टाकतो. प्रश्न ७ मधला त्रास असलेल्या गाडीला तर अजिबात नको. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि चांगल्या वायरिंगला माझा विरोध नाही. इंजिनच बदलायचं किंवा इलेक्ट्रिक करायचं तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद लागते. शिवाय मूळ रूप गेलं की पुढे व्हीए नोंदणीचा दरवाजा बंद.

भाड्याचं उत्तर सरळ आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी पैसे घेऊन देता येत नाही, व्हीए नंबरची तर नाहीच नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. भाच्याच्या लग्नात फुलं लावून मिरवा, त्याला कोणी अडवत नाही.

१९. गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. कोणी चालवत नाही, पण विकवतही नाही. काय करावं?

आधी कागद. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना हरकत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मुदत उलटून गेली असेल तरी दंड भरून काम होतं. भावंडं बोलत्या नात्यात आहेत तोवर करून घ्या. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुसरी प्रत मिळते.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: घरातलं कोणी आठवड्यातून एकदा तिला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवणार आहे का? असेल आणि डोक्यावर छप्पर असेल तर ठेवा. बंद पडून वर्ष झालं असेल तर चावी फिरवू नका. जुनं पेट्रोल काढा, टाकी धुवा, इंजिन ऑइल बदला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका, फॅन हाताने फिरवून इंजिन मोकळं आहे ना बघा, ब्रेकची रबरं नवी टाका, मगच नवी बॅटरी.

फिरवणारं कोणी नसेल तर द्या. अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी ही वडिलांची आठवण जपणं नाही. ताडपत्रीखाली ओल कोंडते, उंदीर वायरिंग खातात, टायर बसतात, आणि पाच वर्षांनी भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही. आज चालू स्थितीत दिली तर तिच्यावर जीव लावणारा माणूस मिळतो, आणि सोलापुरात अशी माणसं आहेत. भाव दोन-पाच हजारांनी कमी आला तरी चालेल, पण घेणारा ती चालवणार आहे की सुटे भाग काढून विकणार आहे, हे नक्की विचारा.

चावी देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. नाव बदललं का, हे महिन्याभरात परिवहनच्या वेबसाइटवर तपासा. तोवर कॅमेऱ्याचं चलन तुमच्याच नावावर येत राहील.